एका तारेवरची दोन घरं

नारीन गावात टेलिफोन मिळवणं म्हणजे काय असतं, ते कलिपाला विचारावं. तिनं अर्ज केला तेव्हा तिचा नवरा जिवंत होता, मुलगा एमिल शाळेत जात होता आणि देशाचं नावही वेगळं होतं. पुढे नवरा गेला, देश मोडला, एमिल ट्रक चालवायला सायबेरियात ओम्स्कला गेला. पण रांगेतला तिचा नंबर काही हलला नाही. एक्स्चेंजच्या खिडकीतली बाई दर वेळी सांगायची, "आपा, तुमच्या पुढे लढाईवरून आलेले म्हातारे आहेत." कलिपा जनावरांची डॉक्टर, तोंडानं फटकळ. ती एकदा म्हणाली, "त्यातले निम्मे वर गेलेत. त्यांना तिकडे फोन बसवून देणार का?" खिडकी धाडकन बंद झाली.

शेवटी लाइनमन तुरातनं वाट दाखवली. एकाच तारेवर दोन घरं जोडायची. रांग नाही, खर्च अर्धा. एका घरात कोणी बोलत असलं की दुसऱ्या घरातला फोन तेवढा वेळ मुका राहतो, एवढीच काय ती अडचण. अर्ध्या नारीनचे फोन असेच होते आणि त्यापायी शेजारी एकमेकांची तोंडं बघत नव्हते. कलिपाच्या समोरचं घर मात्र एर्ना फोग्टचं होतं. फोग्ट मंडळी कायमची जर्मनीला निघून गेली होती. घर विकलं गेलं नव्हतं, आतला फोन तसाच होता आणि किल्ली कलिपाकडे होती.

"रिकामं घर, म्हणजे अख्खी लाइन तुमचीच, आपा," तुरात म्हणाला.

"पण त्या घराची संमती लागते ना?"

"किल्ली तुमच्याकडे, मग संमतीही तुमचीच. करा दोन्हीकडे सही."

कलिपानं दोन्ही घरांच्या नावापुढे स्वतःच सही ठोकली. तार आणि खांब आपल्याच पैशानं आणायचे होते, त्यात दोन मेंढ्या आणि शिवणयंत्र गेलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. बाहेरगावी फोन लावायची परवानगी वेगळी, तिचे पैसे वेगळे आणि तिची रांगही वेगळी होती. पण एमिलचा फोन तर येऊ शकणार होता. तिनं पोस्टातून तार करून त्याला नंबर कळवला.

स्वयंपाकघरात, फोनच्या वरच खिळ्याला पांढऱ्या फडक्यात एक रोटी टांगलेली होती. घर सोडताना मुलानं रोटीचा एक घास तोडायचा आणि उरलेली परत येऊन संपवायची, ही तिकडची रीत. एमिलच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला होता, त्याची खूण वाळलेल्या रोटीवर अजून दिसायची. कलिपा ती रोज बघायची.

रविवारी ती दुपारभर फोनपाशी बसली. फोन वाजला नाही. तिनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. टोन नाही, खरखर नाही, काहीच नाही. बऱ्याच वेळानं टोन आला. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही.

"समोरचे बोलत असतील," तिनं बोलावून आणलेला तुरात सवयीनं म्हणून गेला. समोर कोणी राहत नाही, हे त्याला मग आठवलं.

दोघं किल्ली घेऊन फोग्टांकडे गेले. गंजलेलं कुलूप उघडायला तुरातला जोर लावावा लागला. आत उंदरांचा वास होता आणि सगळ्यावर धूळ बसली होती. फोन खिडकीजवळच्या स्टुलावर होता, रिसीव्हर जागच्या जागी. तुरातनं त्यावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. खिडकीची काच धुळीनं आंधळी झाली होती, फक्त मधोमध तळव्याएवढा गोल कोणीतरी पुसलेला होता. कलिपानं त्यातून पाहिलं. तिला वाकावं लागलं नाही की टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत. समोर तिचं स्वतःचं स्वयंपाकघर होतं. खिळ्यावरचं फडकंसुद्धा दिसत होतं.

"उंदीर असतील," तुरात म्हणाला.

"उंदीर काचा पुसायला लागले का आता? तोडून टाक ही लाइन."

"तोडायला पण अर्ज लागतो, आपा. दोन्ही घरांचा. दोन-तीन वर्षं धरा." एरवी असं बोलून तो हसला असता. त्या दिवशी तो चहालाही थांबला नाही.

कडाक्याची थंडी पडली आणि एमिलचा दोस्त माक्सात सुट्टीवर गावी आला. एका रविवारी तो कलिपाकडे आला. सोबत एमिलनं दिलेला खारा मासा होता.

"काय हो आपा, पोराला किती बोलण्यात गुंतवता," तो बूट काढता काढता म्हणाला. "दर रविवारी गडी फोनला चिकटलेला. आम्ही बाहेर रांग लावून शिव्या देतो."

कलिपाच्या हातातली किटली तशीच राहिली. "माझ्याशी बोलतो?"

"मग कोणाशी? मी पण बोललो की. टोपी घालत जा म्हणालात मला. विसरलात?"

तिनं किटली खाली ठेवली. "आणखी काय म्हणाले मी?"

"सारखं एकच. ये म्हणून. रोटी वाळून चालली, आता ये. आणि तोही तयारच आहे. तुम्ही ज्या दिवशी नीघ म्हणाल, त्या दिवशी निघणार."

माक्सातला तसाच बसवून कलिपा पोस्टाकडे धावली. तिथल्या बूथमधून ओम्स्क लागायला तास गेला. होस्टेलच्या पहारेकरणीनं फोन घेतला.

"एमिल? तो पलीकडच्या फोनवर आहे. आईशी बोलतोय. आपण कोण?"

"मी त्याची आई."

"लाज नाही वाटत, बाई?" फोन ठेवला गेला.

दुसऱ्यांदा फोन लागला तेव्हा पहारेकरीण म्हणाली, "निघाला तो. आईनं बोलावलं म्हणून ट्रक काढला."

ओम्स्कहून नारीनला यायला बर्फातून चार दिवस लागतात. कलिपा भयंकर घाबरली होती, पण तिनं मनाशी एक ठरवलं. पोरगं गल्लीत शिरलं की आपण दारात उभं असायचं. बाकी कोणी नाही. ती घराबाहेर पडली नाही. गाई अडल्या तरी गेली नाही. अधूनमधून रिसीव्हर उचलून बघायची. टोन यायचा. ते घर गप्प होतं.

चौथ्या दिवशी, दिवस मावळायच्या सुमाराला, तिनं रिसीव्हर उचलला आणि टोन नव्हता.

एमिल तर रस्त्यावर होता. मग समोर कोण बोलत होतं, आणि कोणाशी?

भीतीपेक्षा राग मोठा झाला. तिनं किल्ली घेतली आणि शाल न घेताच गल्ली ओलांडली. या वेळी कुलूप सहज उघडलं. ते कडीतच अडकवून ती आत गेली.

कोणी नव्हतं. रिसीव्हर जागच्या जागी होता. हात लावला तर कोमट लागला.

बाहेर ट्रकचा आवाज आला.

ती दाराकडे धावली. दार ओढलं. बाहेर कडीत कुलूप खडखडलं. ते बंद होतं.

ती खिडकीशी आली. पुसलेला गोल बरोबर तिच्या डोळ्यांसमोर होता.

ट्रक तिच्याच घरापुढे थांबला. एमिल उतरला. वाळलाय, तिला वाटलं. तिनं काचेवर मुठी मारल्या, त्याचं नाव घेऊन ओरडली. तो वळला नाही. तो दारापर्यंत गेला आणि दार आतून उघडलं.

स्वयंपाकघरात दिवा लागला. एमिल टेबलाशी बसला. तिची करडी शाल घेतलेल्या बाईनं खिळ्यावरून फडकं काढलं, सोडलं आणि रोटी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती चहात बुडवून खाल्ली, सगळी.

मग त्या बाईनं फोनकडे हात नेला.

कलिपानं स्टुलावरचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. टोन नव्हता. खरखर नव्हती. समोरच्या घरात कोणीतरी बोलत होतं.