सातवीचं कडवं

हसू नका, सांगते ते घडलेलं आहे. प्रियांकाची हळद दोन दिवसांवर आली होती. मी शहापूरच्या शाळेत शिकवते. सात बहिणींच्या कथा जमवते म्हणून प्रियांकाच्या शकूमावशीने मला तानसा तलावाकाठच्या त्यांच्या घरी बोलावलं होतं. दिवस मावळून अंधार पडला होता. अंगणात शकूमावशी आणि तिच्या बहिणी, सहाही जणी, वाल सोलत होत्या आणि माथ्यावर कृत्तिकांचा, म्हणजे आभाळातल्या सात बहिणींचा, पुंजका दिसत होता.

"ग्रीसमध्ये म्हणतात, सातवी लाजून तोंड लपवते," मी सांगितलं. "ऑस्ट्रेलियात म्हणतात, एक माणूस मागे लागला म्हणून साती जणी आभाळात पळाल्या. दिसतात सहाच, पण सात सगळीकडे सांगतात."

"आमच्यात सातवी पाणी राखाया खाली रायली," शकूमावशी म्हणाली. "मागं कामाला कोणतरी नको का बाई!"

सगळ्या खिदळल्या.

त्यांच्या हळदीच्या गाण्यालाही कडवी सातच, एकेका बहिणीचं एक. सातवं मैनाचं. मैना म्हणजे प्रियांकाची आई. ती दहा वर्षांपूर्वी तापाने गेली आणि तिचं कडवं कुणालाच आठवेना.

"आयच्या कडव्याबिगर मी हळद नाय लावायची," प्रियांका हटून बसली होती.

आठवेल म्हणून त्या गायला लागल्या. एकीने म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं. सहावं कडवं संपलं. सातव्यापाशी सगळ्या अडल्या. ओल्या गाळाचा वास आला... आणि पाण्याच्या बाजूने, अंधारातून, कुणीतरी पुढची ओळ म्हटली.

सवयीने सगळ्यांनी ती झेलली. मग सोलते हात थांबले.

"मावशे... कोण गो?"

"गप... झेल तू."

आवाज किनरा, सुराच्या जरा खाली. प्रियांका रडत रडत एकेक ओळ झेलत गेली. शेवटी नवरीचं नाव घ्यायचं असतं. आवाजाने घेतलं, "प्रियांका..." थोडा थांबला. मग आणखी एक नाव घेतलं, "धोंडी..."

मग नुसते रातकिडे.

शकूमावशीने डोळे पुसले आणि खुदकन हसली. "मैनीच ती! मेली, तरी सूर काय लागला नाय हिला!"

हळद दणक्यात झाली. सातही कडवी झाली.

"पण ही धोंडी कोण गो?" सगळ्या एकमेकींना विचारत होत्या. त्या घरात, नात्यात त्या नावाचं कुणीच नव्हतं.

धोंडी हे माझ्या आईचं माहेरचं नाव. लग्नात बदललं, शहापुरात ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.

आई मुरबाडला असते. अगदी धडधाकट आहे. तरी हल्ली मी तिला दिवसातून दोनदा फोन करते.