मगरीच्या तोंडात मेंढीची दाढ

"सिमेंट कालवायला घेतलंय," बद्रियाचा धाकटा भाऊ ताहा धापा टाकत म्हणाला. "चहा झाला की कवटी फोडून काढणार. अम्म शौकीला मगर फाटकावर बसवायचीय."

बद्रियाच्या हातातला घास हातातच राहिला. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी तिला आणि मामेभाऊ वहीदला ती कवटी वाळूतून डोकावताना दिसली होती. बद्रियाचे बाबा देवमाशांच्या खोऱ्याचे राखणदार; या वाळवंटात लाखो वर्षांपूर्वीच्या देवमाशांची हाडं सापडतात. पण कवटी पडली कुंपणाच्या दोराबाहेर, अम्म शौकीच्या, म्हणजे शौकीकाकाच्या, पर्यटकांसाठीच्या तंबूंपाशी. त्यात बाबा जीप घेऊन खोऱ्याच्या पार टोकाला गेलेले आणि तिथे फोन लागत नाही. ते परतेपर्यंत कवटीचा चुरा झाला असता.

"मी सांगून बघितलं," वहीद म्हणाला. "तर म्हणतो, देवमाशाला हात लावायचा नाही हे मला ठाऊक आहे. ही मगर आहे. फय्यूममध्ये मगर नाही तर काय सापडणार?"

एके काळी इजिप्तच्या या फय्यूममध्ये मगरीची पूजा व्हायची. ती कधीच थांबली, पण जमिनीतून मोठा दात निघाला की तो मगरीचाच, ही खोड काही गेली नाही.

बद्रियाची नजर चुलीमागे गेली. तिथे कुत्रा मेंढीचा जबडा चघळत बसला होता.

"ताहा, तेवढा जबडा सोडव."

"कसा?"

"तुझी रोटी दे त्याला."

"दर वेळी माझीच रोटी कशी गं?" असं म्हणत ताहाने ती दिलीच.

अम्म शौकी मजुरांमध्ये चहा पीत बसला होता. बद्रिया अगदी साळसूदपणे त्याच्याजवळ गेली. "अम्म, तुम्ही अस्वानला मगरी पकडायचात ना?"

"पकडायचो? अगं, दात उपटायचो त्यांचे." त्याने किल्ल्यांच्या जुडग्यातला दात नाचवला. "हा बघ. खुंटीसारखा, मूळ एकच. मगरीचे सगळे दात असेच."

"सगळे? नक्की?"

"वल्लाही, देवाशपथ सगळे. मला शिकवतेस?"

"मग जरा कवटीपाशी या."

तिने फुंकरीने वाळू उडवली. जबड्यातून निखळायला आलेल्या दाढेची मुळं उघडी पडली. दोन होती, पाय फाकून उभं राहावं तशी. वहीदने एका बाजूला किल्ल्यांतला दात धरला, दुसऱ्या बाजूला मेंढीचा जबडा. मेंढीच्या सुट्या झालेल्या दाढेलाही दोनच मुळं होती. मजूर खो खो हसायला लागले.

अम्म शौकी बराच वेळ वाकून बघत राहिला. "म्हणजे ही मेंढी?"

"देवमासा," बद्रिया म्हणाली. "पण मेंढीचा लांबचा नातलग. पिल्लांना दूध पाजणारा. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतला एक विद्वानही असाच फसला. अशाच हाडांना त्याने 'सरड्यांचा राजा' असं नाव दिलं. मग इंग्लंडमधल्या दुसऱ्याने दातांची मुळं बघितली आणि ती हाडं सस्तन प्राण्याची निघाली."

"मग नाव बदललं?"

"नाही. आधी ठेवलेलं नावच चालतं, असा त्यांचा नियम आहे."

"बघा, विद्वानही माझ्यासारखेच."

"हो, पण त्याने कवटी फाटकात चिणली नव्हती," वहीद म्हणाला.

अम्म शौकी ओशाळला. त्याने स्वतः फावडं उचललं आणि कालवलेलं सिमेंट तंबूंमागच्या खड्ड्यात लोटलं.

संध्याकाळी बाबा आले. सगळं ऐकून ते आधी शौकीकडे वळले. "लेका, तुझ्याच किल्ल्यांतल्या दाताने तुला गुन्ह्यातून वाचवलं." मग त्यांनी कवटीभोवती कुंपण घालायला जीपमधून दोर काढला. मुलांना ते त्या दोराला कधी बोटही लावू देत नसत. आज त्यांनी त्याचं टोक बद्रियाच्या हातात दिलं.

"गाठ तू मार. मीही इतकं नीट बघितलं नसतं."

बद्रियाला इतका आनंद झाला की पहिली गाठ सुटलीच. दुसरी पक्की बसली.

"ते ठीक आहे," अम्म शौकी डोकं खाजवत म्हणाला, "पण पाटीचं काय? 'मगरराजा' रंगवून वाळलीसुद्धा."

"राहू द्या, अम्म," ताहा म्हणाला. "आधी ठेवलेलं नावच चालतं. फक्त खाली एक देवमासा काढा, आणि मला एक रोटी द्या."