आरोहीच्या डोक्यावरचा हात

"खरं सांगा, आज दवाखान्यात गेला होता का तुमी?"

राजनंदिनीचे हात भाकरीच्या पिठातच थिजले होते. दारात उभ्या असलेल्या शिवशंकरने मान खाली घातली. म्हणजे शेजारचे शेषराव भावजी खोटं बोलले नव्हते! दारूच्या उपचारासाठी म्हणून दर मंगळवारी बाळापुराहून हिंगोलीला निघणारा आपला नवरा मधेच कळमनुरीला उतरतो, स्टँडच्या बाकड्यावर दिवस काढतो आणि संध्याकाळी घरी येतो... आणि आपण वेड्यासारखं त्याला डबा बांधून देतो!

याच माणसासाठी तिने माहेर तोडलं होतं. "सोड त्याला" म्हणणाऱ्या सख्ख्या भावाच्या लग्नालाही ती गेली नव्हती, घरात एकटीच रडत बसली होती बिचारी! त्याचे हे असे पांग फेडले त्याने?

"आरूच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडायची शपथ घेतली होती ना? पोटच्या लेकरालाबी फसवलं?"

"म्हनूनच तर जाईना झालो गं!" तो मटकन खाली बसला. "चुलतभावाच्या हळदीत एकडाव घेतली... एकच डाव! दुसऱ्या दिवशी आरू तापानं फणफणली. डॉक्टरीणबाई पयलं तेच इचारतात, मदी घेतली का म्हून. व्हय म्हनलं, तर शपथ मोडल्याचं माज्याच तोंडानं कबूल झालं... लेकराला काई झालं असतं तर?"

राजनंदिनीला आठवलं. "घसरलात तर लपवू नका, लगेच या," असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी तिच्यादेखत बजावलं होतं. आणि घरी येताच पोरीला पुढे ओढून त्याचा हात तिच्या डोक्यावर कोणी दाबला होता? तिनेच! त्याची दवाखान्याची वाट तिनेच बंद केली होती... पण म्हणून त्याने इतके दिवस तोंडावर खोटं बोलावं? तो सल काही केल्या जाईना.

तिने आरोहीला हाक मारली. "आरू, बाबांना म्हन, शपथ सुटली."

खेळात दहादा शपथा घालणाऱ्या आणि सोडणाऱ्या त्या लेकराने हसतच म्हटलं, "सुटली!"

शिवशंकर लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

"माजा राग गेला न्हाई अजून," पदराने डोळे पुसत राजनंदिनी म्हणाली. "पर मंगळवारी मी संगं येते."

मंगळवारी कळमनुरीच्या स्टँडवर गाडी थांबली. शिवशंकर खिडकीतून त्या बाकड्याकडे बघत राहिला. राजनंदिनीने मांडीवरचा डबा घट्ट धरला... गाडी सुटली, तेव्हा तो जागेवरच बसलेला होता.