गिअर आप्पा टाकायचे

नियाजचं गॅरेज मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत. कांद्याच्या ट्रकांचा धुरळा आणि ऑइलचा वास तिथं असा मिसळलेला असतो की घरी आल्यावर ओढणी पिळून धुवावी लागते. त्या सकाळी हेमा स्टुलावर बसली होती, मांडीवर चार वर्षांची शालू, आणि समोर गोणपाटावर सासऱ्यांच्या जुन्या फियाटचा गिअरबॉक्स उघडा पडलेला.

“दात गेलेत, वहिनी,” नियाज म्हणाला. “आता दोनच रस्ते. नवे दात घालून हाच परत बसवतो. नाहीतर एका जपानी गाडीचा ऑटोमॅटिक पडलाय माझ्याकडं, तो बसवतो. मग क्लच नाही, दांडा नाही.”

“आप्पांच्या फियाटला ऑटोमॅटिक?” तिचा नवरा श्याम हसला. “मग त्यांच्या धोतराला चेनपण लावून घेतली असती.”

“साहेब, मॅन्युअल ठेवली तर गाडी राहील. ऑटोमॅटिक केली तर गाडी चालेल. मला दोन्ही सारखंच.”

“ऑटोमॅटिक,” हेमा म्हणाली.

श्यामनं वळून पाहिलं. या गाडीच्या बाबतीत बायकोनं असं तोडून बोलायची ही पहिलीच वेळ. त्याला वाटलं, क्लचची भीती. तसं वाटणं साहजिकही होतं.

कारण हेमाला गाडी शिकवली आप्पासाहेबांनी, आणि तीही अर्धीच. पुढची सीट बाकासारखी सलग, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बुंध्याला. लग्नानंतर ती पहिल्यांदा चाकाशी बसली तेव्हा तिचा हात चाक सोडेचना, म्हणून डावीकडे बसलेले आप्पा म्हणाले, “तू नुसता क्लच दाब. गिअर मी टाकतो.” चार दिवसांची सोय म्हणून सुरू झालेलं ते मग कायमचंच झालं. तिनं डावा पाय दाबायचा, आप्पांनी उजवा हात लांबवून गिअर टाकायचा. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत हसायचे लोक. एका गाडीला दोन ड्रायव्हर! आप्पा म्हणायचे, “विमानालाही दोन असतात. तिथं हसून दाखवा.” शालूच्या वेळी दवाखान्याच्या सगळ्या फेऱ्या अशाच झाल्या. शालू रांगायच्या आतच आप्पा गेले. गिअर टाकायला हेमा कधी शिकलीच नव्हती.

पण शालूची बालवाडी सुरू झाली, रिक्षावाल्यांच्या तऱ्हा सोसवेनात, आणि ती एकटीच गाडी काढायला लागली. सुरुवातीला तिला वाटलं, अरे, आपल्याला जमतंय की. दांडा हाताला गरम लागायचा, गाडी सावलीत उभी असली तरी. तेवढंच.

एकदा पौड फाट्याच्या सिग्नलला ती डाव्या हातानं शालूचं नाक पुसत होती. दिवा हिरवा झाला, तिनं सवयीनं क्लच दाबला. रुमाल ठेवून दांड्याकडे हात नेला, तर गिअर पडलेला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम दोन्ही हात चाकावर ठेवले आणि क्लच दाबला. दांडा हलला. घाई न करता खाली आला, मध्ये किंचित थबकला आणि बसला. आवाजसुद्धा नाही. खिडकीशी बसणारी शालू सरकून सीटच्या मधोमध आली, आईला चिकटून.

“तिकडे बस ना, बाळा. वारा लागेल.”

“तिकडे नको.”

श्यामला सांगायचा तिनं एकदा प्रयत्न केला. “अहो, गिअर आपोआप पडतो.”

“नशीब काढलंस. आमच्या ऑफिसात आपोआप कुणी पेन उचलत नाही.”

वाईट काही झालं नव्हतं, हे कबूल करायला हवं. एकदाही गिअर चुकीचा पडला नाही, चढावर गाडी मागे आली नाही. आणि तिचा पाय क्लचवर गेल्याशिवाय दांडा कधी जागचा हलला नाही. या शेवटच्या गोष्टीचा अर्थ मात्र तिला फार उशिरा कळला. तेव्हा तिला एवढंच दिसत होतं, की गाडीत आपलं लेकरू बसतं. आज जो हात गिअर टाकतोय, तो उद्या आणखी कशाला लागला तर? गिअरबॉक्सचे दात गेले, तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

गाडी ताब्यात देताना नियाज फडक्याला हात पुसत राहिला. “दांडा सुटता सुटेना, वहिनी. सगळे बोल्ट काढले तरी. दोघांनी ओढला, तेव्हा आला.” मग चहा विचारायचंही विसरून आत गेला.

ऑटोमॅटिक झालेली गाडी लोण्यासारखी चालली. डाव्या पायाला काम उरलं नाही. तिनं तो मुडपून घेतला. कर्वे पुतळ्याशी गाडीनं वेग घेतला, आत कुठंतरी गिअर आपला आपण बदलला आणि शेजारी शालूचा डावा हात वर उचलला गेला. मूठ वळली. हात खाली आला, मध्ये किंचित थबकला आणि बसला.

“शालू, काय करतेस?”

“मी नाही करत.”

त्या दिवसापासून गाडी आच्छादनाखाली गेली. उपयोग झाला नाही. हात जेवताना उचलला जायचा, झोक्यावर, झोपेत. मागच्या बाजूला, बोटांच्या पेरांवर पांढरे दाब उमटायचे. डॉक्टर म्हणाले, “मुलांना असतात सवयी. लक्ष देऊ नका.” लक्ष न देणं हे हेमाला जन्मात जमलं नव्हतं.

ती नियाजकडे गेली. जुना बॉक्स परत बसवा म्हणाली, पाया पडते म्हणाली.

“तो भंगारात गेला, वहिनी. एव्हाना कुणाची कढई झाली असेल.”

परतीच्या रिक्षात तिला ते उमगलं. क्लच म्हणजे तिचा होकार होता. तो हात तिला विचारल्याशिवाय काही करत नव्हता. आप्पा असतानाही नाही, गेल्यावरही नाही. विचारायची जागाच तिनं कापून टाकली होती, स्वतःच्या तोंडानं, शालूला मांडीवर घेऊन.

रविवारची दुपार. श्याम चक्का आणायला खाली गेला होता. शालू जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर उभी राहून चित्र रंगवत होती, हेमा समोर मटार सोलत होती.

शालूच्या हातातला खडू गळला. डावा हात वर गेला.

या वेळी तो खाली आला नाही. ताणला गेला. खांदा उचलला, टाचा खुर्चीवरून सुटल्या. पेरं पांढरी पडली. शालू ओरडली नाही. हळूच म्हणाली,

“आई, सांग ना त्यांना.”

हेमानं टेबलाखाली डावा पाय पुढं केला आणि दाबला.

फरशी आत गेली. बोटभर. मऊ, ओळखीची, खालून उलटा जोर देणारी.

शालूचा हात सुटला. तिनं खडू उचलला आणि सूर्य पिवळा करायला घेतला.

हेमानं पाय किंचित सैल केला. शालूची बोटं उघडली, मनगट उचललं गेलं. हेमानं पुन्हा दाबला. मनगट कागदावर टेकलं.

बेल वाजली.

“अगं, दार उघड! किल्ली आतच राहिली माझी.”

“आई, बाबा आले.”

“हो.”

“उघड ना.”

“तू रंगव.”

बेल पुन्हा वाजली, मग दारावर थापा. मटाराची शेंग हेमाच्या हातात तशीच अर्धी उघडी होती. तिच्या डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या होत्या.