रागाचा धवला

१९५६ सालच्या माघातली गोष्ट. भाऊच्या धक्क्यावरून आलेली आमची लाँच रेवसला पोचता पोचता ओहोटीत रुतली. भरती येईपर्यंत बसून राहणं आलं. मी एकोणीस वर्षांची, मिठागरावर राबणाऱ्या हिरामणची पोर, ठमी. मावशीकडून परतत होते आणि तोंडातल्या तोंडात धवला घोळवत होते.

धवला म्हणजे आमच्या आगऱ्यांचं लग्नातलं गाणं. ते म्हणायला धवलारीण नसली तर आमच्या गावात लग्न लागत नसे. सखुबाई गावची धवलारीण. ती मला शिकवत होती, आणि तिचा रिवाज असा की आधी गोष्ट. नवरी कुणाच्या घरची, हळद कुटताना तिच्या आईचा हात का थांबला... ते सगळं मी तिला परत सांगितलं की मगच गाणं मिळायचं.

"पुन्हा म्हणता का?" समोरच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. काळी टोपी, मांडीवर वही.

"मी काय गिरामफोन हाय?"

"असता तर चावी दिली असती," तो म्हणाला. मी तोंड फिरवलं — हसू दिसू नये म्हणून.

हा दिनानाथ. आमच्याच आगऱ्यांतला, पण पेणला शिकून आमच्या शाळेवर नवा आलेला मास्तर. मग रोज संध्याकाळी तो मिठागराच्या बांधावर येऊ लागला. माझ्या पायांच्या चिरांत मीठ चरचरायचं, आणि हा वही उघडून बसायचा.

"हळू म्हण ना. लिहून हात दुखतो."

"मिठाची पाटी माझ्या डोक्यावर, न् हात तुझा दुखतो?"

तो वही ठेवायचा आणि पाटी उतरवून घ्यायचा. बोटाला बोट लागायचं. मला वाटायचं, गाणी हे नुसतं निमित्त... सखुबाईला न विचारता मी त्याला अकरा धवले दिले.

फाल्गुनात तो सखुबाईच्या अंगणात आला, हातात मुंबईचं मासिक. चेहरा फुललेला. त्यात छापून आलेला धवला आमच्यासमोर मोठ्यानं वाचू लागला. हळदीची 'हरिद्रा' झाली होती, नवरीची 'वधू'. खाली नाव दिनानाथचं. सखुबाईचं कुठंच नाही.

सखुबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. "मास्तर, ही नवरी कुनाच्या घरची?"

तो मासिकाची पानं उलटून शोधू लागला.

"मग ही माझी न्हाय." ती माझ्याकडे वळली. "आनि तू उद्यापासून येऊ नको."

माझं अंग पेटलं. मी तडक अंगणाबाहेर पडले, तो मागून आला. "ठमी, मी फक्त भाषा सुधारली. लोकांनी हसू नये म्हणून —"

"लोक कोन? मग आमी कोन? तुझी आय पण असंच बोलते. तिची पण लाज वाटते तुला?"

पंधरा दिवस मी दुसऱ्या बांधानं गेले. त्यानं चिठ्ठी पाठवली, ती न वाचताच खाडीत टाकली.

अशात माझी मैत्रीण रंगू हिचं लग्न आलं, आणि सखुबाईनं गायला साफ नकार दिला. रंगूचा बाप रावजी तिच्या पाया पडून गेला. शेवटी मीच तिच्या दारात उभी राहिले.

"मला शिकवू नको. पन रंगूला का शिक्षा?"

"गानी बाजारात गेली. तिकडून आना."

तिथं माझा बांध फुटला. लाँच रुतली तिथपासून मासिकापर्यंत सगळं सांगितलं. स्वतःलाही सोडलं नाही. ती तांदूळ निवडत राहिली.

"झाली गोष्ट?"

"व्हय."

"मग तिचा धवला कर. लग्न मी लावीन, पन हळदीला तू गायचं, आनि तुझंच. जमलं तर ये पुन्हा शिकायला."

गाणं नवीन असू शकतं, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. दोन दिवस मी मीठ ओढत होते आणि रागारागानं एकेक ओळ जुळवत होते.

हळदीच्या दुपारी मांडव भरलेला. पुरुषांत दिनानाथही बसला होता. मी उभी राहिले.

पाखरू आलं गो बांधावरी,
चोचीत त्याचे लेखणी.
माझे मायचं मीठ नेलं,
साखर म्हनून इकलं गो...

दुसऱ्या वेळेला बायकांनी ओळ उचलली. सगळा मांडव त्याच्याकडे बघून हसत होता. वाटलं, आता उठून जाईल. पण त्यानं, कान लालेलाल, वही काढली.

गाणं संपल्यावर तो पाण्याच्या हंड्यापाशी आला. "लिहून घेतलंय. एक अक्षर बदललं न्हाय." त्याच्या तोंडून 'न्हाय' मी पहिल्यांदाच ऐकलं.

"उपकार झाले."

"खाली नाव काय घालू? ठमी हिरामण..." तो अडखळला. "की ठमी दिनानाथ?"

एवढा राग, आणि छाती अशी धडधडत होती, की त्याचाही राग आला.

"नुसतं ठमी. आनि त्याच्या वर सखुबाईचं. पुढचं तिला विचार."

त्यानं विचारलं. पुढच्या वैशाखात आमचं लग्न सखुबाईनंच लावलं, त्याला दोन ओळी हाणून. तिचं सगळं भांडार मला देऊन ती त्रेसष्ट साली गेली. मासिकाच्या संपादकाला मास्तरांनी खुलाशाची पत्रं लिहिली, ती त्यानं कधी छापली नाहीत. त्या संपादकाचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. रंगू पनवेलला आहे, तिच्या नातवांचे ट्रक आहेत. मी तीनशेच्या वर लग्नं लावली.

मास्तर अकरा वर्षांपूर्वी गेले. दवाखान्यात त्यांनी विचारलं, "ठमे, अजून राग हाय?"

"हाय."

"मग म्हण की तो धवला."

वॉर्डात चार माणसं होती. घरी गेल्यावर म्हणीन, असं मी सांगितलं. घरी ते आलेच नाहीत. चार परक्या माणसांची मला लाज वाटली.