चौथी चीर

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर घळईचा नकाशा पसरला होता आणि त्याचे कोपरे उडू नयेत म्हणून चार कप ठेवले होते. तंबू, झोपायच्या पिशव्या, पाण्याचे कॅन, तापाचं औषध, शिट्टी. तिची यादी तिसऱ्या पानावर गेली होती.

"शिट्टी दोनदा लिहिलीयेस," नवरा म्हणाला.

"एक भिंगरीच्या गळ्यात, एक माझ्या."

"आणि माझ्या गळ्यात घंटा बांध."

ती हसली नाही. पुढच्या शुक्रवारी निघायचं आणि डोंगरातल्या त्या राष्ट्रीय उद्यानात तीन दिवस तंबूत काढायचे, हा बेत त्याचा. काळजी करायचं खातं मात्र लग्नापासून तिच्याकडे. लेक पाच वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. घळईत एका ठिकाणी दोन्ही कडे इतके जवळ येतात की मोठ्या माणसाला अंग चोरूनही पुढे जाता येत नाही, असं नकाशावर बारीक अक्षरात छापलं होतं. लहान मुलाला सहज जाता येईल, हे छापलेलं नव्हतं. ते तिचं तिनेच वाचलं.

उद्यानाच्या परवान्याच्या अर्जातला एक नियम तिला फार पटला. टॉवेलची घडी घालून तिच्यावर पोळ्या गुंडाळायची फॉइल पसरायची, बूट घालून तिच्यावर उभं राहायचं, आणि उमटलेल्या ठशाशेजारी पट्टी ठेवून फोटो कचेरीला पाठवायचा. कुणी हरवलं तर कोणता ठसा शोधायचा ते कळतं. सारखे बूट पुष्कळांकडे असतात, तेव्हा टाचेवर ब्लेडने आपली खूण कापा, असंही लिहिलं होतं.

भिंगरीचे निळे बूट त्याच सकाळी आणलेले. उजव्या टाचेवर तिने तीन सरळ चिरा दिल्या. तेवढ्यात मागून नवरा खेकसला, "झालं का ऑपरेशन?" हात दचकला. चौथी चीर तिरकी, पार कडेपर्यंत गेली.

"नव्या बुटांची वाट लावलीस."

"असू दे. अशी खूण दुसऱ्या कुणाची नसेल."

संध्याकाळी फोटो गेले.

सोमवारी, भिंगरी शाळेत असताना, फोन वाजला. उद्यानाचा वनरक्षक. आवाज कोरडा, भांडायच्या तयारीतला.

"तुमची मुलगी कुठंय?"

"शाळेत. का?"

"स्वतः सोडून आलात?"

"हो. पण झालंय काय?"

"याआधी इकडे येऊन गेलात का? खरं सांगा. परवान्याशिवाय शिरणारे पुष्कळ असतात."

"आम्ही जन्मात तिकडे आलेलो नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "उजवी टाच. तीन चिरा सरळ, चौथी तिरकी, कडेपर्यंत. हा ठसा गेल्या मंगळवारपासून आमच्या वाळूत आहे. रोज नवा."

तिने मनात वार मोजले. मंगळवारी बूट दुकानात होते. चिरा शनिवारच्या.

"बरोबर कुणी मोठं माणूस?"

"नाही. एकटीच. ठसे आत जातात, बाहेर येत नाहीत. आणि कडे जवळ येतात त्या फटीतून आमची माणसं जाऊ शकत नाहीत."

तिने शाळेत फोन लावला. बाई वैतागून म्हणाल्या, "आहे हो, समोर बसून चित्र काढतेय. या महिन्यातला हा तुमचा चौथा फोन."

रात्री नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि ताट बाजूला सारलं. "कुणीतरी थट्टा करतंय, आणि तू त्याला तिखटमीठ लावतेयस."

"मी तिला तिकडे नेणार नाही."

"मग तू नको येऊस. मी आणि भिंगरी जाऊ. तुझ्या पदराखाली राहिली तर उद्या स्वतःच्या सावलीला घाबरेल."

आणि त्याने ते निळे बूट उचलून दाराजवळ, स्वतःच्या बुटांशेजारी मांडले. शुक्रवारसाठी.

मंगळवारी तिने भिंगरीला शाळेत पाठवलं नाही. नवरा कामावर गेला तसे तिने बूट घेतले. कात्री सोलवर चालेना, म्हणून सुरी घेतली. नऊच्या सुमारास दोन्ही बुटांचे तुकडे झाले. ते पिशवीत बांधून तिने स्वतः कचऱ्याच्या गाडीत टाकले आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत खिडकीत उभी राहिली. बूटच नाहीत, तर ठसा कुठला? कालपासून पहिल्यांदा तिला नीट श्वास घेता आला. नवरा आकांडतांडव करील. करू दे.

घर झाडलं, फरशी पुसली. दुपारी तिने उद्यानाच्या कचेरीत फोन केला.

"आमचा परवाना रद्द करा. आम्ही येत नाही."

"करतो." वनरक्षकच होता. "बुटांचं काय केलंत?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"सकाळी नऊपर्यंत बुटांचे ठसे आहेत. मग मधेच संपतात."

"संपले ना? मग झालं तर."

"बुटांचे संपले. तिथून पुढे पाऊल अनवाणी आहे."

तिने फोन कानाला घट्ट लावला.

"फटीतून कॅमेरा आत सोडलाय आम्ही. कुणी दिसत नाही, फक्त उमटत जाणारे ठसे दिसतात. आता ऊन चढलंय. वाळूवर हात ठेववत नाही." त्याचा आवाज खाली आला, पण राग तसाच होता. "पावलं धावायला लागलीयेत. बूट तरी ठेवायचे होते तिचे, बाई."

फोन बंद झाला.

ती वळली. स्वयंपाकघरात, नुकत्याच पुसलेल्या गार फरशीवर भिंगरी ओठ घट्ट मिटून उभी होती. एकदा हा पाय उचलत होती, एकदा तो.