गोजराबाईंचे श्वास

१९५८ साली मी बंगळुरात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. निपाणीहून आलेली. वॉर्डात मराठी बोलणारी बाई आली की सिस्टर शालन मलाच तिच्याकडे पाठवायच्या.

गोजराबाई राजाजीनगरच्या. न्यूमोनिया होऊन तीन आठवडे झाले होते. आता बऱ्या होत्या, दुसऱ्या दिवशी मुलगा पिराजी त्यांना घरी नेणार होता.

सकाळी दहाला मी त्यांच्या खाटेशी गेले; त्यांचे श्वास मोजायची माझी ही पहिलीच वेळ. श्वास मोजतोय हे रोग्याला कळू द्यायचं नसतं. कळलं की श्वास बदलतो. म्हणून मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. नाडी ऐंशी भरली, अगदी ठणठणीत. मनगट तसंच धरून मी श्वास मोजू लागले. बऱ्या माणसाचे मिनिटाला अठराच्या आसपास भरतात.

पंधरा सेकंद झाले. छाती हलली नाही.

श्वास रोखून धरला असेल, असं वाटलं. पण त्या तर शेजारच्या खाटेवरच्या बाईला सुनेच्या तक्रारी सांगत होत्या. हसत होत्या.

मिनिट संपलं. एकही नाही.

मी पुन्हा मोजलं. पदर सारखा करायच्या निमित्ताने पोटावर हात ठेवला. अंग उबदार होतं, पण आत काहीच वरखाली होत नव्हतं.

"काय झालं, अक्का?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. स्वल्प थांबा, आलेच."

मी धावतच सिस्टरांच्या टेबलाशी गेले. "सिस्टर, गोजराबाईंचा श्वासच चालत नाही. त्या बोलताहेत, पण..."

सिस्टर शालन गोळ्या काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अठरा लिही."

"तुम्ही एकदा येऊन बघा ना."

"वसुमती, अठरा लिही. उद्या जाताहेत त्या." त्या पुन्हा गोळ्या मोजू लागल्या.

मी परत आले. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला तक्ता काढला. श्वासांच्या रकान्यात सुरुवातीला चौतीस, अडतीस, बेचाळीस. मग नऊ तारखेच्या दुपारी एक जागा कोरी.

त्यानंतर अठरा. अठरा. अठरा. खालपर्यंत.

पाच निरनिराळी हस्ताक्षरं होती.

माझी पेन्सिल हवेतच राहिली. गोजराबाईंनी बोलणं थांबवलं आणि माझ्याकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाल्या,

"लिही गं. पहिल्या वेळेला सगळ्याच अशा थांबतात."